मूल आमचं, खर्च टाउनचा आणि सूत्र ट्रेंटनचं

“एका मुलावर वर्षाला लाख डॉलर? आणि तेही आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून?” न्यू जर्सीत चार मराठी कुटुंबं जेवायला जमली आणि टाउनच्या शाळांचा विषय निघाला, की हा प्रश्न कुणीतरी टाकतंच. टाकणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या घराचं टॅक्सचं बिल दरवर्षी वाढतंय. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या पुढे गेलं. मुलीच्या शाळेतला ऑर्केस्ट्रा कमी केला, वर्गात मुलं वाढली, आणि कारण विचारलं तर स्कूल बोर्डाच्या बैठकीत पडद्यावर ओळ झळकते: विशेष शिक्षण, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाचा खर्च. त्यानं सरळ हिशोब लावला. त्याला हिशोबाचं एकच पान दाखवलं होतं, हा काही त्याचा दोष नाही.

दुसरं पान ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत आहे. ऑर्केस्ट्रा वाजवणारी मुलं आणि न बोलणारी मुलं यांच्यात जी मारामारी प्रत्येक गावात लागलेली दिसते, ती राज्याच्या अनुदानाच्या पद्धतीनं लावून दिलेली आहे, असं माझं मत आहे. मुलाचा हक्क देशानं दिला, बिल गावावर फाडलं, आणि मधलं राज्य सरकार ‘जमेल तेवढं, जमेल तेव्हा’ या बोलीवर पैसे देतं.

हक्काचं आधी सांगतो, कारण इथे नव्यानं आलेल्या बऱ्याच मराठी आईवडिलांना त्याची ताकद ठाऊक नसते. १९७५ पर्यंत अमेरिकेतल्या शाळा अपंग मुलाला दारातूनच परत पाठवू शकत होत्या. तेव्हाच्या अमेरिकी काँग्रेसनंच, म्हणजे संसदेनंच, नोंदवलंय, की सुमारे १० लाख मुलं सार्वजनिक शिक्षणाच्या पूर्ण बाहेर होती. त्या वर्षी कायदा झाला; आज तो आयडिया या नावानं ओळखला जातो. त्यानुसार प्रत्येक अशा मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता लिहिलेला शिक्षणाचा आराखडा, तयार करावा लागतो. स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, वर्गात सोबत मदतनीस हवा की नको, कोणती बस, सगळं त्यात येतं. एकदा ते लिहिलं गेलं की स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला, ते द्यावंच लागतं. ‘यंदा बजेट नाही’ हे उत्तर चालत नाही.

किती चालत नाही, ते १९९९ साली सुप्रीम कोर्टानं दाखवून दिलं. आयोवातल्या सीडर रॅपिड्सचा गॅरेट एफ. हा मुलगा वयाच्या चौथ्या वर्षी अपघातात मानेखाली लुळा पडला होता आणि व्हेंटिलेटरवर होता. शाळेत दिवसभर त्याच्याजवळ नर्स असणं गरजेचं होतं. डिस्ट्रिक्ट म्हणालं, एवढा खर्च आम्हाला झेपणार नाही. कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, द्यावा लागेल; किती खर्च येतो ही कायद्यातली कसोटीच नाही. मला हा निकाल आवडतो. पण त्या नर्सचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न निकालानं जिथं होता तिथंच ठेवला.

केंद्रानं तो देण्याचं एक आश्वासन १९७५ मध्येच दिलं होतं: देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी शिक्षणखर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम प्रत्येक अशा मुलामागे. तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कायद्यावर सही केली ती कुरकुरतच. केंद्राला झेपणार नाही इतकं यात कबूल केलंय, असं त्यांनी सहीसोबतच्या निवेदनात म्हटलं, आणि ते खरं ठरलं. पन्नास वर्षांत नियमित तरतूद कधी २० टक्क्यांनाही शिवली नाही. आता तर ती १५ टक्क्यांच्याही आत असते. दोन्ही पक्षांचे खासदार दर दोन-तीन वर्षांनी ‘४० टक्के पूर्ण करा’ असं विधेयक आणतात, फोटो काढतात, आणि विधेयक समितीत झोपतं. त्या पैशाची वाट पाहण्यात मला आता रस उरलेला नाही. राज्याच्या हातात काय आहे ते पाहू.

न्यू जर्सीत सुमारे सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. काही हजारो मुलांची, काही एका शाळेची. २००८ मध्ये जॉन कॉर्झाइन गव्हर्नर असताना शाळा-अनुदानाचा नवा कायदा झाला आणि त्यात विशेष शिक्षणासाठी एक युक्ती वापरली गेली. कोणत्या गावात अशी किती मुलं आहेत हे मोजायचंच नाही. राज्याची सरासरी घ्यायची, साधारण १५ टक्के, आणि प्रत्येक गावात तेवढीच आहेत असं धरून पैसे द्यायचे. त्यातही दोन-तृतीयांश रक्कम गावाच्या श्रीमंतीकडे बघून आणि एक-तृतीयांश सर्वांना सारखी. तुमच्याकडे प्रत्यक्षात ११ टक्के असोत की २१ टक्के.

आता आपल्या लोकांची घर घ्यायची पद्धत आठवा. आधी शाळांचं रेटिंग, मग स्टेशन किती लांब, मग मंदिर आणि इंडियन ग्रोसरी. ज्यांच्या मुलाला ऑटिझम आहे त्यांची यादी वेगळी असते, पण तीही तितकीच काटेकोर. कोणत्या टाउनची चाइल्ड स्टडी टीम, म्हणजे मुलाची गरज ठरवणारा शाळेचा गट, ऐकून घेते, कुठे प्रीस्कूलपासून स्वतंत्र वर्ग आहे, कुठे वकिलाशिवाय काम होतं, हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं जातं आणि लोक खरोखरच घर बदलतात. मी अशी कुटुंबं पाहिली आहेत, ज्यांनी मोठं घर विकून शेजारच्या काउंटीत छोटं घेतलं, केवळ एका शाळेतल्या एका वर्गासाठी. त्यांचं काहीच चुकत नाही. पण परिणाम बघा. ज्या टाउननं मेहनत करून चांगली सेवा उभी केली, तिथे अशी मुलं सरासरीपेक्षा जास्त येतात, आणि सरासरीवर चालणारं सूत्र त्या जास्तीच्या मुलांसाठी एक पैही वाढवत नव्हतं. ज्या टाउननं आईवडिलांना हेलपाटे घालायला लावून पळवून लावलं, त्याला न आलेल्या मुलांचेही पैसे मिळत राहिले. राज्यानं चांगुलपणावर दंड बसवला आणि हलगर्जीपणाला बक्षीस दिलं, तेही सतरा वर्षं.

राज्याचीही हीच गत आहे, हे गमतीचं आहे. केंद्राच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अकरा ठिकाणांमध्ये ऑटिझमचं सर्वाधिक प्रमाण न्यू जर्सीत दिसलं: दर ३४ मुलांमागे एक, तर एकूण सरासरी दर ५९ मागे एक. इथल्या पाण्यात काही नाही. इथे तपासणी लवकर होते आणि नोंदी नीट असतात, हे त्याचं बरंचसं कारण आहे. जो शोधतो त्याला सापडतात.

सरासरीच्या या सूत्राबाहेरच्या महागड्या मुलांसाठी राज्याची वेगळी मदत आहे. तिचं नाव एक्स्ट्राऑर्डिनरी एड. नाव भारदस्त आहे, म्हणून जरा हिशोब मांडतो. समजा एका मुलाची गरज टाउनच्या शाळेत भागत नाही आणि त्याला विशेष खासगी शाळेत पाठवावं लागतं. फी वर्षाला ९५ हजार डॉलर. कायदा म्हणतो, ५५ हजारांच्या वर जो खर्च होईल त्याच्या ७५ टक्के राज्य देईल. म्हणजे वरचे ४० हजार, त्याचे ७५ टक्के, ३० हजार. कागदावर. पण कायद्यातली रक्कम आणि अर्थसंकल्पात घातलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या टाउननी मागितलेली रक्कम तरतुदीपेक्षा जास्त भरते, तेव्हा असेल तेवढं सर्वांना त्याच प्रमाणात वाटून देतात, आणि असं वर्षानुवर्षं चालू आहे. समजा यंदा डॉलरमागे ६० सेंट मिळाले, तर ३० हजारांचे झाले १८ हजार. उरलेले ७७ हजार टाउनचे. मुलाला तिथवर नेणाऱ्या बसचा खर्च यात धरलेलाच नाही.

शिवाय हे पैसे मिळतात केव्हा? खर्च होऊन गेल्यावर. शाळेचं वर्ष ३० जूनला संपतं, आणि आपल्या वाट्याला नक्की किती आले हे कळायला उन्हाळा उजाडतो. तोवर बोर्डानं अंदाजावर चालायचं.

आता याला न्यू जर्सीचा दुसरा कायदा लावा. २०१० च्या कायद्यानुसार टाउनला शाळेसाठीचा टॅक्स वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. थोडे अपवाद सोडले तर ही मर्यादा पक्की आहे. एखाद्या छोट्या डिस्ट्रिक्टची टॅक्सची वसुली ५० लाख डॉलर असेल, तर वाढीची मुभा झाली १ लाख. त्यातून शिक्षकांची पगारवाढ द्यायची, विम्याचे हप्ते भरायचे, वीजबिल भरायचं. आणि ऑक्टोबरमध्ये एक कुटुंब गावात राहायला येतं, हातात दुसऱ्या टाउनचा आयईपी. कायद्यानं त्याच तोडीची सेवा लगेच सुरू करायला हवी. त्या एका मुलाचा खर्च वजा राज्याची अनिश्चित मदत म्हणजे गावाची वर्षभराची सगळी वाढ. ऑर्केस्ट्रा बंद होतो तो इथे.

एप्रिलच्या शेवटी बजेटची जाहीर सुनावणी असते, तिथे एकदा जाऊन बघावं. शाळेचं मीडिया सेंटर, म्हणजे लायब्ररी, घडीच्या खुर्च्या, पंधरावीस माणसं, त्यातली निम्मी शिक्षक. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर स्लाइड पुढे सरकवतो: डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळांची फी, गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के जास्त. कुणाचंही नाव घेतलेलं नसतं. पण छोट्या गावात अशी मुलं चार-पाच असतात आणि खोलीतल्या प्रत्येकाला ती माहीत असतात. मग माइकवर तीन-तीन मिनिटं. एक बाई मुलाच्या व्हायोलिनबद्दल बोलतात, चांगलं बोलतात. मागच्या रांगेत एक आई खाली मान घालून बसलेली असते. माइककडे जात नाही. आपल्या मुलाच्या फीची रक्कम पडद्यावर आहे हे तिला कळतं, आणि तिला ते कळलंय हे इतरांनाही कळतं. कायद्यानं त्या मुलाची गोपनीयता जपली आहे, असं म्हणतात बुवा.

या लाजेचा हिशोब कुठल्याच अनुदानात नाही, पण तिचा परिणाम होतो. जे आईवडील भांडू शकतात त्यांना मिळतं. दोघं नोकरी करणारे, इंग्रजी सफाईदार, गरज पडली तर वकील करायची ऐपत, असं जोडपं आयईपीच्या मीटिंगला फाइल घेऊन जातं आणि हवं ते लिहून घेतं. पॅसेक शहरात दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला मीटिंगची वेळच जमत नाही. वाद झाला तर आपलं बरोबर आहे हे डिस्ट्रिक्टनं सिद्ध करावं, असा या राज्याचा कायदा आहे. फार कमी राज्यांत तसा आहे. पण त्या कायद्यापर्यंत पोचायलाही वेळ आणि पैसा लागतो. तिजोरीत खडखडाट असला की हक्क आपोआप जोर लावणाऱ्याच्या बाजूला सरकतो. आपण मराठी मंडळी यात बहुतेक वेळा जोर लावणाऱ्यांत असतो, हेही बोललं पाहिजे.

सरासरी सोडण्याविरुद्धचा सर्वांत चांगला युक्तिवाद असा: मुलं मोजून पैसे दिलेत तर शाळा जास्त मुलांवर शिक्का मारतील. वाचनात थोडं मागे पडलेलं पोर ‘विशेष’ ठरेल, कारण त्याच्यामागे चेक येतो. सरासरीची पद्धत नेमकी हेच टाळण्यासाठी आणली गेली. कॅलिफोर्नियानं १९९७ मध्ये ती आणली, व्हरमाँट २०१८ च्या कायद्यानं तिकडे वळलं. युक्तिवाद पोकळ नाही. गरज नसताना शिक्का बसलेल्या मुलाचंही नुकसान होतं. ते सोप्या वर्गात अडकून पडतं.

पण उलट्या दिशेनं काय होतं तेही झालेलं आहे. टेक्सासच्या शिक्षण खात्यानं २००४ पासून डिस्ट्रिक्टना मोजायला एक आकडा दिला: विशेष शिक्षणातली मुलं ८.५ टक्के. त्याहून जास्त असतील तर तपासणी मागे लागायची. तेव्हा तिथलं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं. दहा-बारा वर्षांत ते बरोबर ८.५ वर येऊन थांबलं. मुलं बरी झाली नव्हती, त्यांना नाकारलं गेलं होतं. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’नं २०१६ मध्ये हे उघडकीला आणलं, पुढच्या वर्षी विधिमंडळानं असा आकडा ठेवायला बंदी घातली, आणि २०१८ च्या जानेवारीत केंद्राच्या शिक्षण खात्यानं कायदा मोडल्याचा ठपका ठेवला. तोवर एक अख्खी पिढी शाळेतून निघून गेली होती. सूत्र कोणतंही असो, चुका होणारच. दोन-चार मुलांना जास्तीची स्पीच थेरपी मिळाली ही चूक मला चालते. हजारो मुलांना हवी ती मिळालीच नाही, ही चालत नाही.

न्यू जर्सीनं सरासरी सोडली, हे चांगलं झालं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी प्रत्यक्ष मुलांच्या संख्येवर अनुदान काढायला सुरुवात केली. तरी त्यावर टाळ्या वाजवायला मी तयार नाही. डोकी मोजली, गरज मोजली नाही. आठवड्यातून दोनदा रीडिंग स्पेशलिस्टकडे जाणारं मूल आणि दिवसभर नर्स लागणारं मूल, दोघांमागे सूत्रात दरडोई रक्कम एकच. फरकाची जबाबदारी पुन्हा एक्स्ट्राऑर्डिनरी एडच्या त्या अर्धवट भरपाईवर. शिक्का मारण्याचा मोह टाळायचा तर उपाय इथेच आहे: सौम्य गरजेला थोडे पैसे आणि तीव्र गरजेला भरपूर. व्हेंटिलेटरची गरज कुणी खोटी दाखवू शकत नाही.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं हा रस्ता धरला होता. तिथेही १९९१ पासून प्रत्येक गावात १६ टक्के धरून पैसे वाटले जायचे. २०१३ मध्ये विधिमंडळानं आयोग नेमला, आणि मुलांची खर्चानुसार तीन गटांत विभागणी करणारं सूत्र निघालं. सूत्र चांगलं. फक्त ते लावलं नव्यानं वाढणाऱ्या पैशालाच. जुना ढीग जसा वाटला जात होता तसाच राहिला, कारण ज्या गावांचे पैसे कमी होणार होते त्यांचेही आमदार असतात. मॅसॅच्युसेट्सनं महागड्या मुलांसाठी वेगळी सोय केली आहे. राज्यानं ठरवलेल्या सरासरी खर्चाच्या चौपटीहून जास्त जे लागेल त्याचे ७५ टक्के राज्य देतं. २०१९ च्या कायद्यानं त्यात बसचा खर्चही टप्प्याटप्प्यानं घेतला. मंदीच्या काळात त्यांनीही हात आखडला होता, हे खरं. पण बस मोजायला हवी हे निदान कायद्यात लिहिलं.

‘राज्यानं दिले काय आणि टाउननं दिले काय, पैसे आपलेच ना?’ हा प्रश्नही जेवताना येतो. आपलेच. फरक दोन आहेत. टाउनचा टॅक्स घराच्या किमतीवर लागतो. नोकरी गेलेल्या माणसाचं बिल तेवढंच राहतं. राज्याचा मोठा आधार इन्कम टॅक्स, तो कमाईप्रमाणे. आणि न्यू जर्सीच्या घटनेनुसार तो टॅक्स प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करण्यासाठीच राखून ठेवलेला आहे. दुसरा फरक आकाराचा. चारशे मुलांच्या गावात दोन तीव्र गरजेची मुलं आली तर बजेट उलथतं; तेरा-चौदा लाख मुलांच्या राज्यात अशी किती असतील याचा अंदाज दरवर्षी बऱ्यापैकी बरोबर येतो. विमा कंपन्या नेमकं हेच करून पोट भरतात. जो धोका सहाशे गावं सुटी सुटी पेलू शकत नाहीत तो एकत्र केला तर धोकाच राहत नाही, नेहमीचा खर्च होतो.

भारतात परत जायचं की नाही, यावर इथल्या ज्या मराठी घरांत रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं, त्यातल्या काहींमध्ये निर्णय मुलाच्या आयईपीवर अडलेला असतो. महाराष्ट्रात हालचाल नाही असं नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत १५ मागे एक. राज्यानं २०२४ च्या ऑक्टोबरात ४,८६० पदं निर्माण केली आणि समग्र शिक्षा या योजनेत कंत्राटावर राबलेल्या २,९८४ शिक्षकांना त्यात सामावून घ्यायचं ठरवलं. पण ४,८६० हा आकडा आला कुठून? तेवढी समूह साधन केंद्रं आहेत, प्रत्येकी एक पद. केंद्रात दहा-बारा शाळा, त्यात अशी मुलं सहा आहेत की साठ, पद एकच. ट्रेंटननं राज्याची सरासरी धरली, मुंबईनं केंद्रं मोजली.

आपल्याकडून काय व्हायला हवं, तर तक्रारीचा पत्ता बदलायला हवा. टाउनच्या बोर्डापुढे एप्रिलमध्ये कितीही गळा काढला तरी बोर्ड एकाचं काढून दुसऱ्याला देण्यापलीकडे काही करू शकत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या सुनावण्या वसंतात होतात आणि ३० जूनच्या आत त्यावर सही होते. तिथे मागण्या चारच आणि त्या रुक्ष आहेत: गरजेनुसार गट पाडून अनुदान द्या, एक्स्ट्राऑर्डिनरी एड कायद्यात लिहिलंय तेवढं पूर्ण द्या, बससकट, आणि ते वर्ष संपल्यावर न देता तिमाहीला द्या. प्रत्यक्ष संख्येचा नियमही वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या भरवशावर न ठेवता मूळ कायद्यात घाला, म्हणजे पुढचा गव्हर्नर तो गुपचूप मागे घेणार नाही. व्हायोलिनवाल्या बाई आणि मागच्या रांगेतली आई, दोघींनी या मागण्यांच्या पत्रावर सही करायला काहीच हरकत नसावी. दोघींच्या मतदारसंघाचे आमदार तेच आहेत.